पावले मोजून रचलेले स्वयंपाकघर आणि ते रचणारी मार्गारेटे

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या जगप्रसिद्ध संग्रहालयाने पिकासो आणि मातिस यांच्या चित्रांबरोबरच एक स्वयंपाकघरही जतन केले आहे. ते कोणा राजघराण्याचे नाही, की कोणा थोर माणसाच्या वाड्यातलेही नाही. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९२६-२७ च्या सुमारास सामान्य लोकांसाठी भाड्याची घरे बांधली गेली, त्यांतल्या एका घरातून ते काढून आणले आहे. व्हिएन्नातल्या उपयोजित कलांच्या संग्रहालयातही याच स्वयंपाकघराची प्रतिकृती उभी आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो, की ओटा, सिंक, कपाटे आणि खणांची ही रांग संग्रहालयात ठेवण्याजोगी कशी ठरली? हे सगळे तर आपल्या घरातही असते.

आपल्या घरातही असते, म्हणूनच ती तिथे आहे. पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही नव्या इमारतीच्या जाहिरातीत ज्याला ‘मॉड्युलर किचन’ म्हटलेले असते, त्याच्या वंशावळीत मागे मागे जात राहिले तर फ्रँकफर्टच्या या स्वयंपाकघराशी येऊन थांबावे लागते. ते रचणाऱ्या स्त्रीचे नाव मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की. ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाचे नाव चंडीगडमुळे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मार्गारेटेचे नाव मात्र वर्षानुवर्षे तिच्या रचनेवर उभे राहून पोळ्या लाटणाऱ्यांनाही ठाऊक नाही. ही विस्मृती दूर व्हावी असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी तिने नेमके काय केले हे मुळापासून समजून घ्यायला हवे.

आधी घरांचा प्रश्न होता

पहिले महायुद्ध १९१८ मध्ये संपले, तेव्हा जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या शहरांत घरांची भीषण टंचाई होती. कामगारांची कुटुंबे एकेका खोलीत राहत आणि पुष्कळ घरांत तीच खोली स्वयंपाकाची, जेवणाची आणि झोपण्याचीही असे. शेगडी पेटली की तिच्यावर अन्न शिजे आणि तिच्याच उबेवर घर तगून राही. चाळीतल्या एका खोलीत संसार केलेल्या कुटुंबांना हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

नवी घरे बांधायला पैसा कुठून आणायचा, हा दुसरा प्रश्न होता. १९२३ मध्ये जर्मन चलन इतके कोसळले, की घरमालकांच्या डोक्यावरची जुनी कर्जे जवळजवळ विरून गेली. असा आयता लाभ झालेल्या जुन्या घरांवर सरकारने १९२४ पासून कर बसवला आणि त्यातला एक हिस्सा घरबांधणीकडे वळवला. या पैशाच्या आधारावर फ्रँकफर्टचे नगररचना प्रमुख अर्न्स्ट माय यांनी १९२५ ते १९३० या पाच वर्षांत रोमरश्टाट, प्राउनहाइम अशा वसाहती उभारून १२,००० हून अधिक घरे बांधली. मार्गारेटेला त्यांनी १९२६ मध्ये व्हिएन्नाहून बोलावून घेतले, तेव्हा ती २९ वर्षांची होती.

आधुनिकतावाद म्हणजे काय?

इथे एक पारिभाषिक शब्द समजून घेणे भाग आहे. वास्तुकलेतला आधुनिकतावाद म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर सपाट गच्चीची, नक्षी नसलेली पांढरी इमारत येते. पण तो त्याचा फक्त बाहेरचा चेहरा आहे. इमारतीचा आकार तिच्या आत चालणाऱ्या कामावरून ठरावा, उजेड आणि हवा ही चैन नसून गरज मानावी, आणि कारखान्यात एकसारखे भाग घाऊक प्रमाणात तयार करून चांगले घर गरिबालाही परवडेल असे करावे, हा त्यामागचा विचार होता. शिंप्याकडे माप देऊन शिवलेला सदरा आणि दुकानातला तयार सदरा यांच्या किमतीत जसा फरक पडतो, तसाच फरक घराच्या बाबतीत पाडायचा होता. १९२९ मध्ये याच फ्रँकफर्ट शहरात युरोपातल्या आधुनिक वास्तुविशारदांची परिषद भरली आणि तिचा विषय होता, माणसाला माणसासारखे जगता येईल असे लहानात लहान घर कसे असावे.

अशा घरात सर्वांत जास्त काम कुठे चालते, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, तर उत्तर दिवाणखाना येत नाही. मार्गारेटेने तो प्रश्न विचारला आणि उत्तर मिळताच ती थेट कामाला लागली.

वडापावची गाडी आणि रेल्वेचा डबा

तिची पद्धत समजून घेण्यासाठी वडापावच्या गाडीसमोर दोन मिनिटे उभे राहावे. कढई उजव्या हाताला, पावाची लादी समोर, चटण्यांचे डबे तिच्या शेजारी, कागद डावीकडे आणि पैशांचा डबा खाली. गाडीवाला तासन्‌तास काम करतो, पण जागचा हलत नाही, कारण कामाचा जो क्रम आहे त्याच क्रमाने वस्तू मांडलेल्या असतात. आता आपल्या घरात एक कप चहा करताना स्वतःची पावले मोजून पाहावीत. पातेले एका टोकाला, साखर दुसऱ्या टोकाच्या कपाटात, दूध फ्रिजमध्ये, आले-किसणी मांडणीवर आणि गाळणी नेमकी सिंकमध्ये. दिवसातून चार वेळा चहा, दोन वेळचा स्वयंपाक आणि नाश्ता, असा हिशेब वर्षाचा केला, तर आपण स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात किती चालतो हे कळून कोणीही थक्क होईल.

कारखान्यातल्या कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजायची आणि वायफळ हालचाली काढून टाकायच्या, ही पद्धत अमेरिकेत फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने रुजवली होती. तिला आपण श्रममापन म्हणू. क्रिस्टीन फ्रेडरिक या अमेरिकी लेखिकेने १९१० च्या दशकात तीच दृष्टी घरकामाला लावली आणि तिचे पुस्तक १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनमध्ये आले. मार्गारेटेने त्याचा बारकाईने अभ्यास केला. दुसरा नमुना तिला रेल्वेत सापडला. लांब पल्ल्याच्या गाडीतल्या भोजनाच्या डब्याला जोडून एक चिंचोळे स्वयंपाकघर असे, आणि तेवढ्याशा जागेत थोडी माणसे शंभराच्या आसपास प्रवाशांचे जेवण तयार करत. आपल्याकडची पँट्री कार आतून पाहिलेल्यांना याची कल्पना येईल. रेल्वेतल्या आचाऱ्याला हे जमते, तर घरातल्या बाईला मोठ्या खोलीत का धावावे लागते, असा तिचा सरळ प्रश्न होता.

सत्तर चौरस फुटांत काय काय होते?

तिच्या स्वयंपाकघराचे प्रचलित माप १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, म्हणजे सुमारे सत्तर चौरस फूट. अरुंदपणा हा इथे नाइलाज नव्हता. मध्ये उभे राहून वळले, की दोन्ही बाजूंच्या कपाटांपर्यंत हात पोहोचावा, अशा बेताने ती रुंदी ठरवलेली होती. खिडकीखाली कामाचा ओटा, म्हणजे भाजी चिरताना दिवसाचा उजेड थेट हातावर पडावा. ओट्याची उंची बसून काम करता येईल अशी आणि पुढ्यात गोल फिरणारे स्टूल. त्या काळी बाईने स्वयंपाक बसून, आरामात करावा यासाठी कोणी माप काढणे हीच नवलाची गोष्ट होती. ओट्यातच एक खाच ठेवलेली होती. साले आणि देठे हाताने नुसती ढकलली, की ती खालच्या ट्रेमध्ये पडत आणि काम संपल्यावर तो ट्रे ओढून रिकामा करता येई. सिंकशेजारी भांडी उभी ठेवायची जाळी होती, म्हणजे ताटल्या आपोआप निथळाव्यात आणि पुसत बसावे लागू नये. इस्त्रीची फळी भिंतीतून खाली उघडे. छतावरचा दिवा पट्टीवरून सरकवता येई, म्हणजे जिथे काम तिथे उजेड. आणि अर्धवट शिजलेले अन्न ठेवले की उष्णता धरून ठेवून ते पूर्ण शिजवणारी एक पेटीही होती, जिने इंधन वाचे.

या सगळ्यांत मला सर्वांत मोह पडतो तो ॲल्युमिनिअमच्या लहान खणांचा. एकाखाली एक, ओळीने बसवलेले हे खण, आणि प्रत्येकावर तांदूळ, साखर, रवा अशी नावे. खणाच्या एका टोकाला मूठ आणि दुसरे टोक ओतण्यासाठी निमुळते केलेले. तांदूळ हवा असेल तर डबा शोधायचा, झाकण उघडायचे, वाटी घ्यायची, परत झाकण लावायचे, यांपैकी काहीही नाही. खण मुठीने बाहेर ओढायचा, पातेल्यात ओतायचा आणि परत जागेवर सरकवायचा. आपल्या मिसळणाच्या डब्यामागे जी अक्कल आहे, म्हणजे रोज लागणारे सगळे एका हाताखाली, तीच इथे धातूच्या पत्र्यात उतरलेली दिसते. अशा ओतायच्या खणाला जर्मनमध्ये ‘शुट्टे’ म्हणतात. १९२७ मध्ये मार्गारेटेने फ्रँकफर्टमधलेच वास्तुविशारद विल्हेल्म शुट्टे यांच्याशी लग्न केले आणि योगायोगाने हाच शब्द तिच्या नावात येऊन बसला.

साहित्याची निवडही अशीच विचारपूर्वक केलेली होती. पिठाचे खण ॲल्युमिनिअमचे न करता ओक लाकडाचे केले, कारण ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पिठात अळ्या होत नाहीत. ओट्यासाठी बीच लाकूड घेतले, कारण त्यावर डाग आणि सुरीचे घाव कमी उठतात. कपाटांचा रंग बऱ्याच ठिकाणी निळा-हिरवा होता, कारण माश्या त्या रंगावर बसत नाहीत असे तेव्हाच्या संशोधकांचे म्हणणे होते. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे फ्रँकफर्टमध्ये बसवली गेली. भाडेकरूला कपाटे विकत घ्यावी लागत नसत. स्वयंपाकघर घराचाच भाग म्हणून मिळे आणि त्याचा खर्च भाड्यातून हळूहळू वसूल होई. घाऊक उत्पादनामुळे तो खर्च आवाक्यात राहिला. इथेच आधुनिकतावाद कागदावरून खऱ्या घरात शिरला.

बाई होती म्हणून स्वयंपाकघर सुचले का?

हा समज इतका पक्का आहे, की तिच्या हयातीतही तो तिचा पिच्छा सोडत नव्हता. मार्गारेटेने स्वतः नंतर स्पष्ट केले होते, की हे स्वयंपाकघर रचेपर्यंत तिने कधी संसार केला नव्हता आणि स्वयंपाकही केला नव्हता. व्हिएन्नात आई रांधत असे आणि फ्रँकफर्टमध्ये ती बाहेर जेवत असे. तिने हे काम गृहिणीच्या अनुभवातून केले नाही. वास्तुविशारदाच्या शिस्तीतून केले. निरीक्षण, मापन, आराखडा आणि पुन्हा मापन, या मार्गाने ती तिथे पोहोचली.

ती शिस्त तिच्यात कुठून आली, हेही पाहण्यासारखे आहे. २३ जानेवारी १८९७ रोजी व्हिएन्नात जन्मलेली ही मुलगी तिथल्या कला-उद्योग विद्यालयात वास्तुकला शिकणाऱ्या पहिल्या मुलींपैकी होती. एखाद्या बाईला कोणी घर बांधायला सांगेल, ही कल्पनाच तेव्हा कोणाला, अगदी तिच्या स्वतःच्या मनालाही, पटत नव्हती. कामगारांच्या घरांची स्पर्धा लागली तेव्हा तिचे शिक्षक ऑस्कर स्ट्रनाड यांनी तिला आधी कामगार कसे राहतात ते जाऊन पाहण्यास सांगितले. ती वस्त्यांमध्ये फिरली, आणि १९१७ मध्ये त्या आराखड्याला पारितोषिक मिळाले. युद्धानंतर बेघर कुटुंबांनी व्हिएन्नाच्या वेशीवर स्वतःच्या हातांनी घरे बांधायला सुरुवात केली. त्या चळवळीत तिने अडॉल्फ लोस या नामवंत वास्तुविशारदाबरोबर काम केले, आणि कारखान्यात ओतून तयार केलेला काँक्रीटचा स्वयंपाक-कोपरा तिने तेव्हाच मांडून दाखवला होता. फ्रँकफर्टचे स्वयंपाकघर हे या दहा वर्षांच्या कामाचे फळ होते.

बाईला कोपऱ्यात कोंडले, या आक्षेपाचे काय?

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो १९७० च्या दशकात स्त्रीवादी अभ्यासकांनी जोरकसपणे मांडला. पूर्वी स्वयंपाकाच्या खोलीत कुटुंब एकत्र बसत असे. नव्या रचनेत एकच व्यक्ती मावते, आणि ती व्यक्ती बाई असणार हे गृहीत धरलेले आहे. मग ही मुक्ती आहे, की सुबक तुरुंग? तिथे राहणाऱ्यांच्याही तक्रारी होत्या. जागा फार लहान आहे, दुसऱ्या कोणाला मदतीला येता येत नाही, आणि खालच्या रांगेतले खण लहान मुलांच्या हाती सहज लागतात.

यांतला काही भाग मला निःसंकोचपणे मान्य करावासा वाटतो. ओट्याजवळ दोघांनी उभे राहावे, असा विचार त्या आराखड्यात नाही. पण मार्गारेटेपुढे तेव्हा कोणते पर्याय होते, हे पाहिल्याशिवाय निवाडा करणे अन्यायाचे होईल. एक पर्याय होता तो धुराने आणि वाफेने भरलेली जुनी एकच खोली चालू ठेवण्याचा. दुसरा होता संपूर्ण इमारतीसाठी एकच सामाईक स्वयंपाकघर आणि पगारी आचारी ठेवण्याचा. तिने या पर्यायाचाही विचार केला होता, पण ज्या कामगाराची नोकरी उद्या जाऊ शकते त्याला तो खर्च बाराही महिने झेपणार नाही, हे तिने ओळखले. म्हणून तिने मधला मार्ग काढला. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामध्ये सरकते रुंद दार ठेवले, म्हणजे काम करताना खेळणाऱ्या मुलांवर लक्ष राहावे, आणि जेवणाचे टेबल चार पावलांवर असावे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कारखान्यात वाचलेला वेळ मालकाच्या खिशात जातो. घरात वाचलेला वेळ कोणाच्या वाट्याला येतो? मार्गारेटेची इच्छा होती, की तो बाईच्या वाट्याला यावा, तिच्या वाचनाला, नोकरीला, विश्रांतीला. पण भिंती आणि कपाटे एवढी हमी देऊ शकत नाहीत. मिक्सर आला आणि चटणीबरोबर इडली-डोशाचीही अपेक्षा वाढली, हा अनुभव आपल्याकडच्या अनेक घरांनी घेतला आहे. तरीही घरकाम हे श्रम आहे आणि ते मोजता येते, ही गोष्ट तिने नगरपालिकेच्या अधिकृत आराखड्यात नोंदवून ठेवली, आणि माझ्या मते तिचे खरे मोठेपण इथे आहे. जे मोजलेच जात नाही, त्याच्याबद्दल भांडताही येत नाही.

मग तिचे नाव मागे का पडले?

फ्रँकफर्टचे काम ‘अर्न्स्ट माय यांचे काम’ म्हणून ओळखले गेले, हे एक कारण. स्वयंपाकघराला वास्तुकला मानण्याची टीकाकारांना सवय नव्हती, हे दुसरे. पण त्याहून मोठे कारण तिच्या पुढच्या आयुष्यात आहे.

१९३० मध्ये ती माय यांच्या गटाबरोबर सोव्हिएत रशियात गेली आणि १९३७ पर्यंत नव्या औद्योगिक शहरांसाठी बालवाड्या आणि मुलांच्या मापाचे फर्निचर रचत राहिली. दरम्यान १९३२ मध्ये व्हिएन्नात नमुनेदार घरांची एक वसाहत पूर्ण झाली. तिच्या वास्तुविशारदांमध्ये मार्गारेटे ही एकमेव स्त्री होती. १९३८ मध्ये पतीबरोबर ती इस्तंबूलला पोहोचली आणि तुर्की शिक्षण मंत्रालयासाठी खेड्यांतल्या शाळांचे आराखडे करू लागली. तिथे ती सुरक्षित होती. तिथेच तिची हर्बर्ट आइखहोल्त्सर या ऑस्ट्रियन वास्तुविशारदाशी गाठ पडली. तो हिटलरविरोधी कम्युनिस्ट प्रतिकाराची जुळवाजुळव करत होता. डिसेंबर १९४० मध्ये ती स्वखुशीने नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नाला परतली, गुप्त संपर्क जोडण्यासाठी. २२ जानेवारी १९४१ रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, तिला अटक केली. सरकारी वकिलाने फाशीची मागणी केली होती; तिला पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. आइखहोल्त्सरला १९४३ मध्ये ठार मारण्यात आले. बव्हेरियातल्या आयखाख तुरुंगातून अमेरिकी सैन्याने एप्रिल १९४५ च्या अखेरीस तिची सुटका केली.

नाझींविरुद्ध प्राण पणाला लावलेल्या या स्त्रीला युद्धानंतर तिच्या शहराने डोक्यावर घ्यायला हवे होते. घडले उलटेच. शीतयुद्धाच्या काळात कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्येला सार्वजनिक कामे देण्याची व्हिएन्नाची तयारी नव्हती. बालवाड्यांच्या रचनेत युरोपात तिच्याइतका अनुभव क्वचितच कोणाकडे असेल, पण व्हिएन्ना शहराने युद्धानंतर तिच्याकडून मोजून दोन बालवाड्या बांधून घेतल्या, १९५० च्या सुरुवातीला काप्पाउनप्लाट्सची आणि १९६० च्या सुरुवातीला रिनबेकश्ट्रासेची. हे वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते. क्युबा आणि पूर्व जर्मनी इथे तिच्या सल्ल्याला किंमत होती, आणि राहत्या शहरात मात्र तिचे टेबल रिकामे होते.

मान्यता आली ती फार उशिरा. व्हिएन्ना शहराने १९८० मध्ये तिला वास्तुकलेचे पारितोषिक दिले. १९८८ मध्ये ऑस्ट्रियाने विज्ञान आणि कला यांसाठीचे राष्ट्रीय मानचिन्ह देऊ केले, तेव्हा तिने ते नाकारले, कारण राष्ट्राध्यक्षपदी असलेल्या कुर्ट वाल्डहाइम यांच्या युद्धकाळातल्या भूमिकेबद्दल गंभीर प्रश्न उभे राहिले होते आणि त्यांच्या हातून ते घेणे तिला मान्य नव्हते. वाल्डहाइम पायउतार झाल्यावर १९९२ मध्ये तिने ते स्वीकारले, तेव्हा ती ९५ वर्षांची होती.

आपल्या ओट्यापर्यंत हे कसे आले?

फ्रँकफर्टची १०,००० स्वयंपाकघरे जशीच्या तशी जगभर गेली नाहीत. १९४० च्या दशकात स्वीडनमध्ये संशोधकांनी गृहिणींच्या हालचालींचा अधिक पद्धतशीर अभ्यास केला, ओट्याची उंची आणि कपाटांची मापे प्रमाणित केली, आणि तिथून ही कल्पना सुट्या, जोडता येणाऱ्या कपाटांच्या रूपाने बाजारात उतरली. मार्गारेटेचे स्वयंपाकघर एका विशिष्ट घरासाठी बेतलेले होते. नंतरचे भाग कोणत्याही घरात बसतील असे झाले. या बदलात सोय वाढली, पण एक गोष्ट निसटली. तिच्या रचनेचा आरंभ काम करणाऱ्या व्यक्तीच्या हालचालीपासून होत होता. आज अनेकदा तो कपाटाच्या दाराच्या रंगापासून होतो. नवे घर घेताना ट्रॉल्या किती आहेत हे विचारण्याआधी सिंक, शेगडी आणि फ्रिज यांच्यामधली पावले मोजून पाहावीत, आणि खिडकीचा उजेड ओट्यावर पडतो की पाठीवर, हेही पाहावे.

१८ जानेवारी २००० रोजी, १०३ वा वाढदिवस पाच दिवसांवर आलेला असताना, मार्गारेटे व्हिएन्नात वारली. जो तो आपल्याला फक्त स्वयंपाकघराबद्दलच विचारतो, याचा तिला उतारवयात उघड वैताग येत असे. हा लेखही मुख्यतः त्याच स्वयंपाकघराबद्दल आहे, याची मला जाणीव आहे. व्हिएन्नातल्या फ्रान्झेन्सगासे या रस्त्यावर तिने स्वतःसाठी रचलेले घर आज तिच्या नावाचे केंद्र म्हणून जपलेले आहे. तिथे जाणाऱ्याने वाट वाकडी करून काप्पाउनप्लाट्सलाही जावे आणि मुलांसाठी रचलेली ती बालवाडी पाहून यावी.